मोडेम व त्याचा ड्रायव्हर : जुन्या संगणकावरील एक पाठ



गेल्या श्रावणात आपल्या शाळेच्या संगणककक्षाची साफसफाई निघाली, त्या वेळची गोष्ट. कपाटामागे पडून राहिलेला एक जुना डेस्कटॉप संगणक भंगारवाल्यास द्यावयाचा, असे ठरत होते. २००४ साली घेतलेले ते यंत्र. त्यावर विंडोज एक्सपी ही प्रणाली. धूळ पुसताना नववीतील एका विद्यार्थ्याचे लक्ष पेटीच्या पाठीमागील दोन लहान चौकोनी खाचांकडे गेले. त्या हुबेहूब दूरध्वनीच्या तारेच्या खाचेसारख्या होत्या. त्याने विचारले, "सर, संगणकाला फोन कशाला?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर हाती येण्यास मला आठ दिवस लागले. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे. तथापि त्या आठ दिवसांत माझ्या हातून एक मोठी चूक घडली, ती कशीबशी निस्तरली, आणि अखेरीस त्या मुक्या यंत्रास वाचा फुटली. या सर्वांतून जे शिकावयास मिळाले, ते क्रमवार मांडण्याचा येथे प्रयत्न करीत आहे. संगणकाच्या पडद्यावरील नावे रोमन लिपीत असतात. येथे ती सोयीसाठी नागरीत दिली आहेत.

मोडेम म्हणजे काय?

त्या दोन खाचा ज्या पट्टीवर होत्या, ती पट्टी म्हणजे मोडेम. पूर्वी घरोघरी इंटरनेट पोहोचविणारी वेगळी तार नव्हती. जी होती ती दूरध्वनीची तार, आणि ती माणसाच्या आवाजासाठी निर्माण केलेली. दूरध्वनीची व्यवस्था साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी पलीकडे नेते. संगणकास मात्र ठाऊक असतात ते केवळ दोन अंक : शून्य आणि एक. तेव्हा हे अंक त्या तारेतून पाठवावयाचे, तर त्यांना प्रथम ध्वनीचे रूप द्यावयास हवे, आणि पलीकडच्या टोकास त्या ध्वनीचे पुन्हा अंक करावयास हवेत. पहिल्या क्रियेस मॉड्युलेशन म्हणतात व दुसरीस डीमॉड्युलेशन. या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून मोडेम हे नाव बनले.

अमेरिकेत १९६२ साली बाजारात आलेला बेल १०३ हा मोडेम सेकंदास ३०० बिट एवढ्या वेगाने चाले. पुढे सुधारणा होत होत १९९८ साली व्ही ९० हे आंतरराष्ट्रीय मानक मान्य झाले, आणि त्यानुसार सेकंदास ५६,००० बिट ही कमाल मर्यादा ठरली. आपल्या देशात विदेश संचार निगम या संस्थेने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, तेव्हा घरोघरच्या संगणकांस ती या मोडेमच्याच वाटेने मिळत असे.

५६,००० हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. म्हणून थोडे गणित करू. जुन्या फ्लॉपी चकतीवर १४,७४,५६० बाइट मजकूर मावत असे. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे एकूण १,१७,९६,४८० बिट झाले. यास ५६,००० ने भागले असता सुमारे २११ सेकंद येतात. एक फ्लॉपीभर मजकूर आणावयास साडेतीन मिनिटे, तीही तार निर्दोष असेल तर! प्रत्यक्षातील वेग याहून कमीच भरे. आज आपण हातातील फोनवर जे छायाचित्र क्षणात पाहतो, ते वरपासून खालपर्यंत उलगडण्याची त्या काळी वाट पाहावी लागे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कदंबच्या बसचा ड्रायव्हर उभा राहतो. संगणकातील ड्रायव्हर हे माणूस नव्हे, ते एक लहानसे प्रोग्रॅम असते. आणि त्याचे काम बस हाकण्यापेक्षा दुभाष्याच्या कामाशी अधिक जुळते.

आमच्या घरी कोकणी बोलतात आणि मी शाळेत मराठी शिकवितो. त्यामुळे दुभाष्याचे मोल मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याकडे "शीत वाढ" म्हटले म्हणजे ताटात भात येतो. केवळ ग्रंथांतील मराठी जाणणारा पाहुणा मात्र शीत म्हणजे थंड असे समजून पाण्याचा तांब्या पुढे करील. दोघांचेही शब्द आपापल्या परीने बरोबरच असतात. अडते ते मध्ये दोन्ही बोली जाणणारे कोणी नसल्यामुळे. विंडोज आणि मोडेम यांचेही तसेच आहे. विंडोज म्हणते, "हा क्रमांक फिरव." ही आज्ञा मोडेमच्या पट्टीवरील चिपला कोणत्या संकेतांत सांगावयाची, हे ड्रायव्हरास ठाऊक असते. प्रत्येक चिपची बोली निराळी, म्हणून प्रत्येकीचा दुभाषीही निराळा.

येथे मोडेमच्या दोन जाती ध्यानात घ्याव्या. पहिली जात स्वयंपूर्ण. ध्वनीचे अंक व अंकांचे ध्वनी करण्याचे सारे काम हिच्यावरील चिपच करतात. संगणकाबाहेर ठेवावयाचे, सीरियल तारेने जोडलेले मोडेम बहुधा या जातीचे असत. हेस या कंपनीने १९८१ साली आणलेल्या स्मार्टमोडेमने आज्ञांची जी भाषा रूढ केली, ती हे मोडेम जाणतात. म्हणून त्यांना ड्रायव्हर असा फारसा लागतच नाही, परिचयाची एक फाइल पुरते. दुसरी जात परावलंबी. तिला सॉफ्टमोडेम किंवा विनमोडेम म्हणतात. खर्च वाचविण्यासाठी हिच्यावरील बरेचसे भाग गाळलेले असतात, आणि त्यांचे काम संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेतले जाते. हे काम करवून घेणारा तोच ड्रायव्हर. यास्तव या जातीच्या मोडेमला ड्रायव्हर नसेल, तर ती पट्टी म्हणजे केवळ एक निर्जीव तुकडा होय. २००० सालानंतरच्या स्वस्त डेस्कटॉप संगणकांत आढळणाऱ्या पट्ट्या बहुतेक याच जातीच्या. आपल्या शाळेतील पट्टीही तीच.

माझ्या हातून झालेली चूक

संगणक सुरू केला, 'माय कॉम्प्यूटर'वर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', त्यातून 'हार्डवेअर' आणि त्यातून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडला. तेथे यंत्राच्या सर्व अवयवांची यादी असते. यादीत 'अदर डिव्हायसेस' या शीर्षकाखाली पिवळे प्रश्नचिन्ह होते, आणि नाव होते 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर'. हे नाव मोडेमच्या कर्त्याने दिलेले नसते. ज्याची ओळख पटत नाही, परंतु दळणवळणाशी काही संबंध आहे एवढेच कळते, त्या पट्टीस विंडोज असे मोघम नाव देते. गावात आलेल्या अनोळखी माणसास आपण "तो पाहुणा" म्हणतो, तसेच हे. गुणधर्मांत '२८' हा सांकेतिक आकडा होता. ड्रायव्हर बसविलेला नाही, असा त्याचा अर्थ.

कपाटात एका जुन्या मोडेमची चकती सापडली. ती याच मोडेमची असावी असे मी धरून चाललो. चकती घातली, तर विंडोजने "योग्य ड्रायव्हर सापडला नाही" असे सांगितले. येथेच मी थांबावयास हवे होते. परंतु मुले भोवती उभी होती आणि शिक्षकाने हार मानू नये, असा एक वेडा अभिमान मनात होता. मी शोध घेण्याचा मार्ग सोडून स्वतः यादीतून निवड करण्याचा मार्ग पत्करला व चकतीवरील पहिलेच नाव निवडले. हा ड्रायव्हर तुमच्या यंत्रास अनुरूप आहे की नाही याची खात्री देता येत नाही, तो बसवू नये, असा इशारा पडद्यावर आला. मी 'येस' दाबले.

संगणक पुन्हा सुरू होताना पडदा निळा झाला, पांढरी अक्षरे उमटली, आणि यंत्र पुन्हा आरंभापाशी गेले. पुन्हा निळा पडदा, पुन्हा आरंभ. असे चार वेळा झाले.

तेवढ्यात कार्यालयातील लिपिकबाई आत आल्या व सहज म्हणाल्या, "सर, वार्षिकाची जुनी पाने ह्याच मशीनवर आहेत ना?" माझ्या अंगाला घाम फुटला. २००४ ते २००९ या सहा वर्षांतील आपल्या वार्षिकाचा मजकूर याच यंत्रावर टंकलेला होता. त्यांतील काही अंकांच्या छापील प्रती ग्रंथालयातही उरलेल्या नाहीत. ज्या मुलांनी त्यांत आपला पहिला निबंध लिहिला, ती आज संसाराला लागली आहेत. ते सारे मी एका कळीच्या दाबाने संकटात टाकले होते.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन प्रयत्न केला. संगणक सुरू होताच, विंडोजची खूण दिसण्यापूर्वी एफ ८ ही कळ दाबत राहिलो; काळ्या पडद्यावर पर्यायांची यादी आली. तीत 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन' असा एक पर्याय असतो. यंत्रात शेवटचा यशस्वी प्रवेश झाला, त्या वेळची मांडणी विंडोज जपून ठेवते. हा पर्याय ती मांडणी परत आणतो. माझ्या सुदैवाने, बिघाडानंतर एकदाही प्रवेश पूर्ण झालेला नव्हता. झाला असता तर बिघडलेली मांडणीच 'चांगली' म्हणून नोंदली गेली असती. पर्याय निवडला, आणि दोन मिनिटांनी ओळखीचा पडदा दिसला. एवढ्यानेही भागले नसते, तर त्याच यादीतील 'सेफ मोड'मध्ये जाऊन तो चुकीचा ड्रायव्हर काढून टाकणे हा पुढचा उपाय होता.

त्यानंतर मी मोडेमला हातही लावला नाही. प्रथम वार्षिकाच्या सर्व फायली, आणि त्या ज्या जुन्या मराठी टंकात टंकल्या होत्या त्या टंकाची फाइलही, पेन ड्राइव्हवर घेऊन दोन वेगळ्या संगणकांवर ठेवली. तो टंक सोबत नसता तर नव्या यंत्रावर आमचे मराठी लेख निरर्थक रोमन अक्षरांच्या रांगा होऊन उमटले असते. म्हणून पहिला नियम, जो मी सर्वांत शेवटी शिकलो, तो असा : दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी जे पुन्हा मिळणार नाही त्याची प्रत घ्यावी.

आधी नाव, मग उपाय

वैद्य औषध देण्यापूर्वी रोगाचे निदान करतो. ड्रायव्हर शोधण्यापूर्वी चिपचे खरे नाव कळावयास हवे. सुदैवाने पीसीआय खाचेत बसणारी प्रत्येक पट्टी आपले नाव स्वतःच सांगते. फक्त ते विचारण्याची रीत ठाऊक हवी.

'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या अनोळखी नावावर दोनदा टिचकी मारून 'डीटेल्स' हे पान उघडावे. तेथे 'डिव्हाइस इन्स्टन्स आयडी' या नोंदीखाली एक लांबलचक ओळ दिसते. आपल्या पट्टीची ओळ अशी सुरू होत होती : पीसीआय, वेन १४एफ१, डेव्ह २एफ२०. 'वेन' म्हणजे चिपचा कर्ता आणि 'डेव्ह' म्हणजे त्या कर्त्याची कोणती वस्तू. त्यापुढे 'सबसिस' असते. ते बहुधा पट्टी बनविणाऱ्याची ओळख सांगते. एकाच कर्त्याची चिप घेऊन अनेक कारखाने पट्ट्या बनवितात, म्हणून ही तिसरी ओळख लागते.

हे आकडे षोडशमान पद्धतीचे असतात. तीत ० ते ९ आणि पुढे ए ते एफ अशी सोळा चिन्हे असतात. चार स्थानांत १६ गुणिले १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळी नावे बसतात. कर्त्यांचे हे क्रमांक एक मध्यवर्ती संस्था वाटून देते, म्हणून दोघांचा क्रमांक एक येत नाही. १४एफ१ हा कोनेक्संट या कंपनीचा. ११सी१ हा ल्यूसंट व पुढे अगिअर यांचा. १०५७ हा मोटोरोलाचा. इंटेल कंपनीचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली तिने काढलेल्या सुप्रसिद्ध प्रोसेसरचे नाव तेच, हे पाहून गंमत वाटते.

आमच्या कपाटातील चकती मोटोरोलाच्या चिपची होती आणि पट्टी कोनेक्संटची. मी अनोळख्यास दुसऱ्याच गावच्या दुभाष्यापुढे उभे केले होते.

ड्रायव्हर कोठून आणावा?

येथे एक मौजेची अडचण उभी राहते. मोडेम हे इंटरनेटचे दार. पण त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवर! कुलपाची किल्ली घरातच राहावी, तसे हे झाले. पूर्वी यासाठी चकती जपून ठेवीत असत. ती नसल्यास दुसऱ्या संगणकावरून ड्रायव्हर उतरवून घेणे हाच मार्ग उरतो. त्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्या.

एक : शक्य तर तो संगणक बनविणाऱ्या किंवा चिप बनविणाऱ्या कंपनीच्याच पानावरून घ्यावा. "आम्ही तुमचे सर्व ड्रायव्हर आपोआप शोधून देऊ" असे सांगणाऱ्या अनोळखी जागा टाळाव्या. त्यांतून पुष्कळदा नको ते प्रोग्रॅम यंत्रात शिरतात. उतरविलेली फाइल नव्या संगणकावर विषाणुतपासणी करूनच पुढे न्यावी.

दोन : ड्रायव्हर कोणत्या विंडोजसाठी आहे ते पाहावे. ९८ साठीचा एक्सपीला चालेलच असे नाही. आणि ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर मुळीच चालत नाही.

तीन : ड्रायव्हरच्या फायली बांधलेल्या पुडक्यात येतात, पुडके सोडून त्या एका फोल्डरमध्ये ठेवाव्या. त्यांत 'आयएनएफ' या शेपटीची फाइल असते. ही साधी मजकुराची फाइल असून नोटपॅडमध्ये उघडते. हा ड्रायव्हर कोणत्या क्रमांकांच्या चिपसाठी आहे, याची यादी तीत दिलेली असते. आपण टिपून घेतलेला 'वेन' व 'डेव्ह' क्रमांक तीत शोधावा. सापडला तर दुभाषी योग्य. न सापडला तर ती फाइल बाजूस ठेवावी. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. मी ती पहिल्या दिवशी केली असती, तर निळा पडदा पाहण्याची वेळच आली नसती.

चार : पेन ड्राइव्ह फॅट ३२ या रूपात असावा. एक्सपीस एक्सफॅट हे रूप मूळ स्थितीत वाचता येत नाही. विंडोज ९८ असल्यास पेन ड्राइव्हसाठीच आधी वेगळा ड्रायव्हर लागतो. तेथे चकती जाळून नेणे बरे.

बसविण्याची रीत

१. 'अॅक्सेसरीज'मधील 'सिस्टीम टूल्स'मध्ये 'सिस्टीम रिस्टोअर' आहे; तेथे एक परतीची खूण करून ठेवावी. पुढे काही बिघडले तर याच खुणेपर्यंत मागे येता येते.

२. पूर्वी बसविलेला चुकीचा ड्रायव्हर असल्यास 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये तो 'अनइन्स्टॉल' करावा.

३. अनोळखी नावावर उजवी कळ दाबून 'अपडेट ड्रायव्हर' निवडावे. विंडोज अपडेटशी जोडू का, असे विचारल्यास नकार द्यावा.

४. 'इन्स्टॉल फ्रॉम अ लिस्ट ऑर स्पेसिफिक लोकेशन' हा पर्याय घ्यावा. पुढील पानावर शोध घेण्याचाच पर्याय ठेवून आपल्या फोल्डरची जागा दाखवावी. विंडोजला स्वतः जुळवून पाहू द्यावे. आपण बळजबरीने नाव निवडू नये.

५. ड्रायव्हरने विंडोजची चाचणी पार केलेली नाही, अशी सूचना कधी कधी येते. मी धुडकावलेल्या इशाऱ्याहून ही निराळी. पहिल्या इशाऱ्याचा अर्थ "हा दुभाषी या पाहुण्याचा आहे की नाही ठाऊक नाही" असा, तर दुसऱ्याचा अर्थ "दुभाषी याच पाहुण्याचा, पण त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही" असा. ड्रायव्हर विश्वासू जागेहून आणलेला असेल व क्रमांक जुळला असेल, तरच 'कंटिन्यू एनीवे' म्हणावे.

६. काम पुरे झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा. पिवळे प्रश्नचिन्ह नाहीसे होऊन 'मोडेम्स' या शीर्षकाखाली मोडेमचे खरे नाव दिसले पाहिजे.

परीक्षा

नाव दिसले म्हणजे काम झाले असे समजू नये. मोडेमला बोलते करून पाहावे. 'कंट्रोल पॅनेल'मधील 'फोन अँड मोडेम ऑप्शन्स' उघडावे. प्रथम देश व विभागाचा क्रमांक विचारला जातो. आपण भारत आणि ०८३२ असे दिले. मग 'मोडेम्स', 'प्रॉपर्टीज', 'डायग्नॉस्टिक्स' या क्रमाने जाऊन 'क्वेरी मोडेम' दाबावे. विंडोज मोडेमला काही प्रश्न विचारते, व मोडेम त्यांची उत्तरे देतो. उत्तरे उमटली म्हणजे दुभाषी कामास लागला. याच ठिकाणी मोडेमला कोणता पोर्ट मिळाला तेही दिसते. आपल्या यंत्रावर तो कॉम ३ होता.

शेवटची परीक्षा आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर घेतली. आपल्या कार्यालयात तांब्याच्या तारेचा दूरध्वनी अद्याप आहे. त्याची तार मोडेमच्या 'लाइन' या खाचेत घातली. ('फोन' ही दुसरी खाच दूरध्वनीचे यंत्र जोडण्यासाठी असते, पुष्कळजण येथेच चुकतात.) 'हायपरटर्मिनल' हा प्रोग्रॅम उघडून कॉम ३ निवडला. ए टी ही दोन अक्षरे टंकून एंटर दाबले. 'अटेन्शन', म्हणजे 'लक्ष दे', याचे ते संक्षिप्त रूप. हेसच्या १९८१ सालच्या भाषेतील ही आज्ञा आजही चालते. खालच्या ओळीत उत्तर आले : ओके.

मग मी माझ्या मोबाइलवरून शाळेचा क्रमांक लावला व तो मुलांच्या हाती दिला. पडद्यावर शब्द उमटला : रिंग. थोड्या वेळाने पुन्हा : रिंग. ज्याने पहिला प्रश्न विचारला होता, त्याच मुलाने ए टी ए ही अक्षरे टंकली. त्यांचा अर्थ 'उत्तर दे'. क्षणभर शांतता, आणि मोबाइलमधून एक लांब, तीक्ष्ण शिट्टी ऐकू आली. उत्तर देणाऱ्या मोडेमची ही ठरलेली खूण असते. २१०० हर्ट्झची शिट्टी. "मी माणूस नाही, मोडेम आहे, तू कोण?" असे ते यंत्र विचारीत होते. पलीकडे दुसरा मोडेम नसल्यामुळे काही वेळाने पडद्यावर 'नो कॅरियर' असे शब्द आले, आणि त्याने फोन ठेवला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. वीस वर्षांपूर्वीचे ते यंत्र कोणाच्या तरी हाकेची वाट पाहत बसले होते, असेच त्या क्षणी वाटले.

काही इशारे

पट्टी काढावयाची वा बसवावयाची झाल्यास विजेची आणि दूरध्वनीची, दोन्ही तारा आधी सोडवाव्या. दूरध्वनीच्या तारेत एरवी सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो व घंटा वाजताना तो बराच वाढतो. पट्टीस हात लावण्यापूर्वी पेटीच्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगातील स्थिर विद्युत निघून जाते. वळवाच्या पावसात आकाश गडगडू लागले की तार काढून ठेवावी. विजेचा लोळ दूरवर पडला तरी तारेतून येऊन मोडेम जाळतो.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. मोडेम चालू झाला म्हणून जुना संगणक इंटरनेटला जोडू नये. विंडोज एक्सपीची सुरक्षादुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. तेव्हापासून उघडकीस आलेली बहुतेक छिद्रे तशीच राहिली आहेत. शिवाय डायल-अप सेवाही जगातून उठत चालली आहे. अमेरिकेतील एओएल या जुन्या कंपनीने आपली सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. यास्तव आपला मोडेम ही आता अभ्यासाची वस्तू आहे, आणि अभ्यासासाठी तिचे मोल कमी नाही.

समारोप

मित्रहो, हा पाठ केवळ एका जुन्या पट्टीचा नाही. जी वस्तू अडली, तिचे नेमके नाव प्रथम विचारावे. मिळालेले नाव लिहून ठेवावे. उपाय नावाशी जुळतो का, हे ताडून पाहावे. इशारा आला तर तो वाचावा, आणि चार डोळे आपल्याकडे पाहत आहेत म्हणून त्याच्यावरून पुढे जाऊ नये. "मला ठाऊक नाही, थांबा, पाहू" असे म्हणण्यात शिक्षकास कमीपणा नाही. विद्यार्थ्यास तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी हे वाक्य माझ्या तोंडून निघाले असते, तर एक रात्र मला सुखाची झोप लागली असती.

तो संगणक भंगारात गेला नाही. संगणककक्षाच्या कोपऱ्यात तो ठेवला आहे, त्यावर त्याचे व मोडेमचे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटविली आहे, आणि योग्य ड्रायव्हरची चकती त्याच्याच पेटीवर पाकिटात ठेवली आहे. आपल्यामागून येणाऱ्या मुलांनी तो उघडून पाहावा, प्रश्न विचारावे, एवढीच इच्छा.

स्वाध्याय

१. ३०० बिट वेगाच्या मोडेमने एक फ्लॉपीभर मजकूर पाठवावयास किती तास लागतील, ते काढा.
२. स्वयंपूर्ण व परावलंबी मोडेम यांतील भेद आपल्या शब्दांत लिहा.
३. आपल्या घरच्या वा शाळेच्या संगणकातील कोणत्याही एका अवयवाचा 'वेन' व 'डेव्ह' क्रमांक वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली शोधून वहीत टिपा. काहीही बदलू नका; केवळ वाचा.
४. आपल्या घरी कोणता मजकूर वा कोणती छायाचित्रे अशी आहेत, की ज्यांची दुसरी प्रत नाही? त्यांची यादी करा, आणि या रविवारीच प्रत घ्या.